दोन छबुबाई

बद्रीनाथनं कागदावर पळीची पाठ शेवटची गोल फिरवली आणि एका कोपऱ्यातून कागद उचलायला घेतला. ओल्या शाईला चिकटलेला कागद चर्र करत सुटायला लागला. टेबलाभोवतीची मंडळी पुढं झुकली.

"दमानं, बद्रीमामा," यशोधरा मॅडम म्हणाल्या. "ओढू नका. त्याचा तो येऊ द्या."

कागद आला. त्यावर बाईचा चेहरा होता, जरासा एका बाजूला वळलेला. डोक्यावर पदर, नाकात चमकी, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, त्याच बाजूची पापणी अर्धवट मिटलेली. शाई सगळीकडं सारखी लागली होती. तरी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"ही कोन म्हनायची?" शेवटी अंगद कंपाउंडरनं विचारलं. बद्रीनाथच्या बरोबरीचा, शाळेपासूनचा, त्यामुळं त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"कोन म्हंजे? आमच्या घरची."

"वहिनी?" अंगदनं मान तिरकी केली, चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला. "हायत बी अन् न्हाईत बी. वहिनीची भन म्हन हवं तर."

बद्रीनाथनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. एकूण एक रेघ त्यानंच कोरलेली. पापणीची बारीक घडी कोरताना तर श्वास धरून बसला होता. आणि आता समोर जी बाई होती, तिला त्यानं कधीतरी स्टँडवर गाडीत चढताना पाहिलं असावं, एवढीच काय ती ओळख लागत होती.

वडवणीचं रंगरेषा मंडळ दर रविवारी बुद्धविहारामागच्या सभागृहात भरायचं. यशोधरा मॅडम शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. घरी स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी मंडळ काढलं आणि येईल त्याला घेतलं. अंगद आला, अंगणवाडीच्या दोघी आल्या, पवन दूधवाला आला. एसटीची ड्रायव्हरी संपवून घरात पायात पायात येणारा बद्रीनाथही आला. या महिन्यात लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्यावर, कोरून छापायचं शिकवणं चाललं होतं. जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते काळं उठतं. विषय होता, घरातला एक चेहरा. पवननं म्हैस कोरली. विचारलं तर म्हणाला, "घरातलाच हाय की चेहरा."

"मामा, फोटो लिनोवर ठेवला, मधी कार्बन घातला आणि होता तसा गिरवला. असंच केलं ना?" मॅडमनी विचारलं.

"मंग कसा गिरवायचा?"

"उलटा करून. छापताना डावं उजवीकडं जातं अन् उजवं डावीकडं. मागच्या रविवारी दाखवलं होतं मी. तुम्ही मान हलवलीत."

मान हलवली होती खरी. साहेब लोक बोलत असले की मान हलवायची, ही सवय नोकरीनं लावलेली, ती काही पेन्शनीबरोबर सुटत नाही.

"सारी हयात आरशात बगून गाडी हाकली," अंगद म्हणाला, "अन् डावं-उजवं कळंना व्हय बे? गाडी रिव्हर्स घातलीस की!"

सगळे हसले. बद्रीनाथही हसला. मग अंगदनं, काही मनात न ठेवता, दवाखान्यात विचारावं तसं विचारलं, "मंग वहिनीचं वारं खऱ्यात कुन्या बाजूला हाय? डाव्या का उजव्या?"

बद्रीनाथ हातांची शाई पुसायला लागला.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी छबुबाईनं चहाचा घोट घेतला तो सगळा ओठाच्या कडेनं लुगड्यावर सांडला. तोंडावरून वारं गेलं होतं. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फुगे फुगवायला सांगितले. निम्मं सुधारलं, निम्मं राहिलं. तेव्हापासून पदराचं टोक ओठावर. बाजार बंद, लग्नकार्य बंद, फोटो तर नावालाही नाही. आता तेजश्रीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न ठरलं होतं आणि छबुबाईनं सांगून टाकलं होतं, "मी मागं सयपाकाकडं ऱ्हाईन. स्टेजवर तुमी जावा. माज्या लेकीच्या अल्बमात असलं तोंड नगं."

बोलणं हा बद्रीनाथचा प्रांतच नव्हे. म्हणून तेजश्रीनं आई शेंगा निवडत असताना चोरून काढलेला फोटो त्यानं मागून घेतला होता. हातानं कोरावं, कागदावर छापावं आणि तिच्यापुढं ठेवावं, की बघ, एवढंच तर आहे. पण ते एवढंच कुठल्या बाजूला आहे, हे त्याला सांगता येईना. तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडं बघणंच सोडलं होतं. इतकं मनापासून सोडलं होतं, की आता आठवायला काही उरलंच नव्हतं.

फोटो सभागृहातच राहिला होता. रात्रीच्या जेवणाला तो आधी चुलीच्या बाजूला बसला. मग दाराकडं सरकला. मग ताट उचलून धान्याच्या कणगीपाशी गेला.

"काय बगायलाव?" छबुबाईनं पिठलं वाढता वाढता विचारलं.

"कुटं काय."

"मगापासून हिकडून तिकडं सरकायलाव. खाली मुंग्या हायत का?"

"तोंड जरा उजेडाकडं कर."

पदर होता त्याहून वर गेला. आता नुसते डोळे. "कावून?"

बद्रीनाथनं भाकरी मोडली. छबुबाई वाट बघून उठली आणि आतल्या खोलीत भांडी लावत बसली. लावलेलीच भांडी ती परत लावत होती, हे आवाजावरून कळत होतं.

तेजश्री पाणी द्यायला आली तेव्हा त्यानं आवाज बारीक करून विचारलं, "आईचं तोंड कुन्या बाजूनं उतरलंय गं?"

तेजश्री तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. "बाबा, रोज मोहरं बसून जेवताव ना तुमी?"

मग तिनं मोबाईल काढला आणि फोटो समोर धरला. उजव्या. छबुबाईच्या उजव्या. त्यानं आपल्याच गालाला हात लावून खात्री केली, मग वाटलं की आपण समोरून बघतोय म्हणजे परत उलटं झालं, मग दोन्ही गालांना हात लावून झाला आणि शेवटी त्यानं पाणी पिऊन टाकलं.

पुढच्या रविवारी यशोधरा मॅडमनी पारदर्शक कागदावर चेहरा उतरवून घेतला, कागद पालथा करून नव्या लिनोवर ठेवला आणि पोराला पाटी गिरवून घ्यावी तसं त्याच्याकडून करून घेतलं. कोरायला त्याच्या बोटांना आता वेळ लागला नाही. छापून कागद उचलला तेव्हा अंगदनं मांडीवर थाप मारली.

"ह्या वहिनी! आता उटून मला 'कवा आलाव' म्हनत्याल."

"पहिला टाकून देऊ का?" बद्रीनाथनं विचारलं.

"असू द्या इथं," मॅडम म्हणाल्या.

महिनाअखेरीला मंडळाचं प्रदर्शन त्याच सभागृहात भरलं. भिंतीवर सुतळ्या बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं अडकवली होती. बद्रीनाथ पोचला आणि दारातच थबकला. छबुबाई दोन होत्या. मॅडमनी दोन्ही ठसे शेजारीशेजारी टांगले होते आणि खाली भिंतीवर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, 'उलटा ठसा' आणि 'सुलटा ठसा'.

"लोकांना छपाई समजायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, मामा," मॅडम खुशीत म्हणाल्या.

"मॅडम, ती काढा. आमचं मानूस यायलंय. तिला म्या अजून काईच सांगितलेलं न्हाई."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या सुतळीकडं वळल्या, पण तेवढ्यात तेजश्रीचा आवाज आला आणि मागून चपला काढून छबुबाई आत आली. बाबांनी काय केलंय ते बघायला तरी चल, एवढं सांगून लेकीनं तिला आणलं होतं. वर्षभरात शेतापलीकडं पाय न टाकलेली बाई, भिंतीच्या कडेकडेनं, पदर ओठावर दाबून चालत होती.

म्हशीपाशी ती थांबली. "पवनची हाय. शिंगावरून कळतंय."

पुढं सरकली. सुलट्या ठशावरून तिची नजर अनोळखी बाईवरून जावी तशी निघून गेली. उलट्या ठशापुढं मात्र ती उभी राहिली. बद्रीनाथला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"ही मी हाय," छबुबाई म्हणाली. रागानं नव्हे, रडून नव्हे. आपला थांबा आला की बाई कंडक्टरला सांगते, तसं.

"वहिनी, ती चुकल्याली हाय," अंगद घाईनं पुढं झाला. "उलटी छापली ह्यानं. तुमी ही, हिकडची."

"चुकल्याली कावून? रोज आरशात हीच असती की." दाखवायला तिनं हात गालाकडं नेला, आणि त्या हातातला पदर सुटला. "हितून वघळल्यालं, हितून नीट. चमकी ह्या अंगाला. बरुबर हाय सगळं." मग ती बद्रीनाथकडं वळली. "तुमाला कसं कळलं?"

आपोआप कळलं म्हणायला काहीच लागलं नसतं.

"मला न्हाई कळलं," बद्रीनाथ म्हणाला. "चुकून झालं."

"मंग ती कोन?" छबुबाईनं दुसऱ्या ठशाकडं बोट केलं.

"तूच. आमाला दिसती ती."

ती त्या दुसरीपुढं गेली. जवळून बघितलं, दोन पावलं मागं येऊन बघितलं. वारं गेल्यापासून तिनं फोटो काढू दिला नव्हता. या बाईशी तिची गाठ आजच पडत होती.

"तुमाला रोज ही दिसती?"

"हां." मग त्याला राहवेना. "म्हंजे, मी बगत न्हवतो. तुला बरं वाटंना म्हनून."

"मला वाटलं..." छबुबाई म्हणाली आणि तिथंच राहिली. मग म्हणाली, "बरी हाय की. मला वाटलं हुतं लई वंगाळ असंल."

तेजश्रीनं नाक ओढलं. अंगद उगीच पवनच्या म्हशीकडं बघायला गेला.

"पर अशा कावून टांगल्यात?" छबुबाई एकदम म्हणाली. "एकीचं तोंड दाराकडं, एकीचं खिडकीकडं. भांडन झाल्यावानी." तिनं चिमटा काढला, एक कागद बद्रीनाथच्या हातात दिला. "धरा. मुरगाळू नका." दुसरा तिथून काढून इकडं लावला, हातातला घेऊन तिकडं लावला. दोघी आता एकमेकीकडं तोंड करून होत्या.

चिठ्ठ्या जिथल्या तिथं राहिल्या. मॅडमनी त्या बदलायला हात वर केला आणि परत खाली घेतला. मग दिवसभर सुलटीला लोक उलटी म्हणत राहिले, उलटीला सुलटी, आणि मॅडमनी शिकवलेली छपाई वडवणीत कुणालाच समजली नाही.

दुपारच्या गाडीनं तेलगावहून आलेला अनिल मास्तर चिठ्ठी वाचून चित्राकडं, चित्राकडं बघून चिठ्ठीकडं बघत कितीतरी वेळ उभा होता. शेवटी त्यानं बद्रीनाथला गाठलं.

"मामा, ह्यातल्या खऱ्या मावशी कोनत्या?"

बद्रीनाथनं एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. छबुबाई तिकडं अंगणवाडीच्या बायांशी लग्नाच्या साड्यांवरून वाद घालत होती. पदर खांद्यावर होता.

"अगं," त्यानं हाक मारली, "जरा हिकडं ये. उजेडात."

"आता आनिक काय?"

"नीट बगून सांगतो ह्यास्नी."

ती आली.