भोक पडलं म्हणजे झालं

मित्रांनो, मी एक जुनं पंचिंग मशीन आहे. कागदांना दोन भोकं पाडायची, एवढंच मला येतं. परळच्या एका गिरणीच्या हिशेब खात्यात मी वाढलो. गिरणी बंद पडली तेव्हा तिथले कारकून गुणाजी मला पिशवीत घालून लालबागच्या चाळीत घेऊन आले.

जून-जुलैच्या रविवारी सकाळी गुणाजी तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत बसत आणि लोकांची आयकर विवरणपत्रं फुकट भरून देत. साठी उलटल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. त्यांचा एक नियम होता. विवरणपत्र पाठवून भागत नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ते पडताळावं लागतं. तेवढं झालं की मगच ते मला दाबत. माझा खटका ऐकून माणूस निर्धास्त उठे.

"चर्चच्या घंटेपेक्षा माझा या खटक्यावर विश्वास," निवृत्त नर्स ॲन्टोनेटबाई म्हणत. "फादरला सांगू नका हां, गुणाजी!"

गुणाजींना एक्याऐंशीवं लागलं त्या वर्षी बाई मोबाइल घरी विसरून आल्या. विवरणपत्र पाठवून झालं होतं. "संध्याकाळी येते ओटीपी घेऊन," त्या म्हणाल्या. गुणाजींनी मान हलवली, कागद सारखे केले आणि हाताच्या सवयीने मला दाबलं. मला थांबता येत नाही, मित्रांनो.

"म्हणजे आता नको यायला?" बाईंनी विचारलं.

गुणाजींनी कागदांकडे पाहिलं. "भोक पडलंय ना? मग झालं."

बँकेने व्याजातून कापलेला कर परत मिळाला की बाई गुडघ्याचं ऑपरेशन करणार होत्या. मार्चपर्यंत पैसे आले नाहीत. गुणाजींच्या मुलीने, मनवाने, कॉम्प्युटर उघडून पाहिलं. पडताळणी झालेलीच नव्हती. मुदत कधीच टळली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज नामंजूर झाला.

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या. "काठी आहे की."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या जूनमध्ये खोली उघडली नाही. "बाबा, तुम्ही भरा, मी शेजारी बसून तपासते," मनवा म्हणाली.

"तू तपासायचं, मग मी कशाला गं?"

लोक नाक्यावरच्या दुकानात पैसे देऊन विवरणपत्रं भरू लागले. गुणाजींच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी कोणी आलं नाही. ॲन्टोनेटबाईंना जिना चढता येत नव्हता. त्या खाली काठी टेकून हाक मारत, "गुणाजी, बरे आहात ना?" ते आतच बसून राहत. फेब्रुवारीत ते गेले.

आता मी मनवाच्या खणात असतो. माझ्या पोटात त्या रविवारचे कागदाचे गोल तुकडे अजून आहेत. ती ते काढत नाही.

मित्रांनो, ज्याने तुमचे कागद सांभाळले, त्याचे हात चुकू लागले की त्याच्याकडे निदान चहाला जा. अठ्ठावीस पायऱ्या होत्या. ज्यांचे गुडघे धड होते, त्यांच्यापैकी कोणीही त्या चढलं नाही.