बाबांच्या ऑर्गनचा मुका पाइप

आईने बाबांच्या ऑर्गनचा पाइप चिंचेने घासला.

शनिवारी सकाळी मी चर्चमध्ये शिरलो तर ती स्टुलावर उभी. हातात चिंचेचा चोथा. समोरच्या रांगेतल्या एका पाइपवरचा सोनेरी रंग पार गेलेला, खालून करडा पत्रा दिसत होता.

"आई! काय करतेयस? उतर खाली!"

"प्रभूच्या घरात ओरडू नकोस, जय. उद्या बाबांची मेमोरियल सर्व्हिस आहे. नगरला सणाआधी आम्ही बायका सगळं पितळ असंच घासायचो."

"हे पितळ नाहीये यार! कथील आणि शिसं आहे!"

मला माहीत होतं, कारण घरी माझ्या शाळा सोडण्यावरून भांडण झालं की बाबा मला इथे आणून बसवायचे. ते या चर्चचे ऑर्गनिस्ट. वाजवता वाजवता सांगायचे. हा जर्मन सुतारांनी बांधलाय. मागचे चौकोनी पाइप लाकडाचे, म्हणून त्यांचा आवाज बासरीसारखा. मोटर यायच्या आधी पोरं बाजूचा दांडा वर-खाली करून भात्यात हवा भरायची. कंटाळलेल्या पोरांनी तिथे चाकूने नावं कोरलीयत. आणि प्रत्येक पाइपला तोंड असतं. ओठ वाकला की पाइप मुका. म्हणून बाबा आईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.

तेवढ्यात लॉरेन प्रॅक्टिसला आली. बाबांच्या जागी आता तीच वाजवते. तिने बाबांचं आवडतं गीत सुरू केलं. एका सुरावर नुसती फुस्स हवा आली. ती उठली, पाइपजवळ गेली, दबलेला ओठ पाहिला.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो. कोणालाही पटलं असतं. शाळेतून मी मारामारी करूनच बाहेर पडलोय.

"खोटं बोलतोय तो," आई म्हणाली. "मी घासलं. जोर लावून."

लॉरेनचा चेहरा उतरला. "रिपेअरवाला उद्यापर्यंत येणार नाही, सुमित्रा. मी पियानोवर वाजवते. नाहीतर प्रत्येक कडव्यात तिथे खड्डा पडेल."

अंत्यविधीला फ्युनरल होममध्ये स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं होतं. तेव्हापासून आई एकच गोष्ट मागत होती: त्यांचं गीत, त्यांच्या ऑर्गनवर.

"पियानो नको," ती म्हणाली. "जेवढं वाजतंय तेवढं वाजवा."

"सगळ्यांना कळेल."

"कळू दे. मीच केलंय ना?"

रविवारी चर्च भरलं. डेव्हन रस्त्यावरचे, आपल्याकडून इथे येऊन राहिलेले सगळे काका-काकू आले होते. पहिल्या कडव्यात त्या मुक्या सुराची जागा आली आणि सगळ्यांचे आवाज अडखळले. पुढच्या बाकावरचे अंकुरकाका मान वर करून त्या रंग गेलेल्या पाइपकडे बघत बसले. माझं डोकं फिरलं. मी अर्धा उठलो. आईने मनगट धरून मला खाली बसवलं.

दुसऱ्या कडव्यात ती जागा आली आणि आई गायली. एकटी, मोठ्याने. आई चर्चमध्ये कधी गात नाही, नुसते ओठ हलवते. सूर जरा खालीच लागला होता, पण तिने तो सोडला नाही. लॉरेनने चाल तिच्यासाठी किंचित रोखली.

अंकुरकाकांनी मान खाली घातली.

तिसऱ्या कडव्यात ती जागा जवळ यायला लागली तसा आईने दोनदा तोंड उघडून श्वास घेतला. या वेळी तिचा श्वास पुरेल असं मला वाटेना. म्हणून मी गायलो.