थोरली डावीकडं उभी राहिली

गहिनीनाथाची बायको सत्यभामा पहिल्यांदा गरोदर राहिली, ते निजामी राज्यातलं फसली तेराशे एकतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बावीस साल. उमापुरात त्या वर्षी पाऊसपाणी बरं होतं, बाजरी कमरेला लागली होती आणि आप्पारावाच्या घरात सगळ्यांचे चेहरे उजळले होते. एक चंद्रभागाबाई सोडून. ती आप्पारावाची बायको, गहिनीनाथाची आई, घरची कारभारीण. सुनेला दिवस गेल्याचं कळल्यापासून तिच्या पोटात जो गोळा आला होता, तो भाद्रपदातल्या महालक्ष्म्या जवळ येतील तसा वाढतच गेला.

त्याचं कारण घरात कुणाला ठाऊक नव्हतं. चार वर्षांमागं, मानमोडीच्या साथीच्या साली, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात तिथं तिच्या हातून पंधराच झाल्या होत्या. अळूची पानं आणून कोनाड्यात ठेवली आणि कामाच्या रगाड्यात शिजवायची राहून गेली. संध्याकाळी ती सुकलेली पानं दिसली, तेव्हा तिनं गुपचूप उकिरड्यावर नेऊन टाकली. महिनाभरात तिची सहा वर्षांची वच्छला तापानं गेली. गावात तेव्हा घरागणिक माणसं जात होती, पण चंद्रभागाबाईच्या मनानं ते धरलं नाही. तिच्या मनानं अळू धरलं.

तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या कामाला ती कुणाचा हात लागू देत नसे. घर सारवायचं तिनं, पुरण वाटायचं तिनं, देवींच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा, म्हणजे करंज्या न् पापड्या, तोही तिनंच तळायचा. जावा मदतीला आल्या की त्यांना गूळ-पाणी देऊन परत धाडायची. धान्यानं भरलेल्या दोन कोठ्यांवर पितळेचे मुखवटे बसवून ती लुगडी नेसवायची, तेव्हा तर दार लोटून घ्यायची. निऱ्या अशा पडायच्या की बाया मुद्दाम बघायला यायच्या. मुखवटे दोन्ही एकाच साच्यातले. थोरलीच्या कानाखाली बारीकसा पोचा होता, तेवढ्यावरून ती ओळखायची. थोरली उजव्या हाताला, धाकटी डाव्या हाताला. पोच्याची खूण तिनं कुणाला सांगितली नव्हती. बसवणारी तीच, मग सांगायचं कुणाला?

आप्पाराव एकदा म्हणाला होता, की आपल्या घरी देवी दोन न्हाईत, तीन हायेत, आन् तिसरी काही केल्या बसत न्हाई. चंद्रभागाबाईला हसू आलं नव्हतं.

त्या वर्षी तिनं आठ दिवस आधीपासून कंबर कसली. सुनेनं तांब्या उचलला तरी ती हातातून काढून घ्यायची. सत्यभामा बिचारी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहायची. आपल्याला काही येत नाही असं सासूला वाटतं, एवढाच तिनं त्यातून अर्थ काढला. देवी यायच्या दिवशी दुपारी फुलोरा तळता तळता चंद्रभागाबाईचा डोळा लागला. मान चुलीकडं कलली, हात झाऱ्यावरून घसरला आणि कढईतलं तेल मनगटापासून बोटांपर्यंत सांडलं.

हाताला कोरफड बांधली, तिला आतल्या खोलीत निजवलं. संध्याकाळी अंगात कणकण भरली. देवी घरात आणायची वेळ टळत चालली होती. तिनं उठायचा प्रयत्न केला, तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. बाहेर ताटली वाजली, कुंकवाच्या पावलांवरून महालक्ष्म्या आत आल्या, सत्यभामा त्यांना धान्याची कणगी दाखवतीय, गोठा दाखवतीय, हे सगळं ती कानांनी ऐकत होती आणि ग्लानीत एकेक भाजी मोजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. भिंत धरत धरत ती बाहेर आली. नैवेद्य दाखवून झाला होता, पुरुषमाणसांची पंगत उठली होती. देवींपुढं तिची सासू भिवराबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. सत्यभामा उष्टी काढत होती.

चंद्रभागाबाईनं देवींकडं पाहिलं. धाकटीचं लुगडं एका अंगाला चढलं होतं. तिकडं तिनं कसाबसा काणाडोळा केला. मग तिची नजर कानांवर गेली. पोचा डाव्या हाताच्या मुखवट्याला होता. थोरली डावीकडं उभी होती.

आता हलवायची सोय नव्हती. एकदा बसवलेल्या महालक्ष्म्या तिसऱ्या दिवशी निरोप देईपर्यंत जागच्या हलवत नाहीत, ही त्या घरचीच नव्हे, साऱ्या मुलखाची रीत. तिनं सुनेला भाज्यांचं विचारलं. सत्यभामा हातातली पत्रावळ तशीच धरून उभी राहिली.

"चौदा झाल्या आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "लई हिंडले, पर केना आन् कुर्डूची भाजी घावलीच न्हाई."

चंद्रभागाबाई मटकन खाली बसली. म्हातारीला कुणीतरी बसल्याचा आवाज आला. कोण आहे, काय झालं, असं तिनं विचारलं.

"आत्याबाई, मी चंद्रभागा. थोरली डावीकडं बसलीय."

"मग? भांडल्या का दोघी?"

"चेष्टा करू नका. भाज्या बी चौदाच हायेत." आणि मग चार वर्षं दाबून धरलेलं तिच्या तोंडून निघालंच. "वच्छीच्या साली एकच कमी पडलीती. यंदा दोन कमी हायेत. आन् ही पोर पोटुशी हाय."

भिवराबाईचा हसरा चेहरा उतरला. तिनं हात पुढं करून चाचपत सुनेचा गुडघा शोधला.

"हे तू तवापासनं उरावर घेऊन बसलीस? मला कावून सांगितलं न्हाईस?"

चंद्रभागाबाईनं पदर तोंडाला लावला.

"शेजारच्या रुक्मिणीकडं त्या साली भाज्या किती होत्या?" म्हातारीनं विचारलं.

"सोळा. मीच तिला शेपू नेऊन दिलता."

"आन् मानमोडीत तिच्या घरातून माणसं किती गेली?"

रुक्मिणीबाईच्या घरातून तिघं गेले होते. ते चंद्रभागाबाईला माहीत होतं, पण हे दोन हिशेब तिनं कधी शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

भिवराबाई आता हळू आवाजात बोलू लागली. "अगं, ह्या माहेराला आलेल्या लेकी. तीन दिसांच्या पाहुण्या. लेक माहेराला आली की ताटातल्या भाज्या मोजती का? तू कदी गेलतीस माहेराला, तवा तुझ्या आईनं काय वाढलंतं, सांग."

चंद्रभागाबाईचं माहेर तेलगावचं. तिला आठवलं, वच्छलेच्या वेळी बाळंतपणाला गेली तेव्हा घरात काही नव्हतं. आईनं भाकरी, तेल-चटणी आणि कांदा फोडून दिला होता. जेवून ती तिथंच आडवी झाली होती, आणि दिवस कलेपर्यंत आईनं कुणाला तिच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. तसं जेवण आणि तशी झोप तिला पुन्हा मिळाली नव्हती.

"तेल-चटणी," ती म्हणाली.

"मग चौदा भाज्या झाल्या म्हणून ह्या रुसून जातील व्हय? जेव आता. कालपासनं पोटात काय न्हाई तुझ्या."

उजवा हात बांधलेला. सत्यभामेनं ताट वाढून आणलं, समोर बसली आणि घास करून सासूच्या तोंडाजवळ नेला. पुरण जाडसर राहिलं होतं, पोळी एका बाजूनं करपली होती. चंद्रभागाबाईनं ते सांगायला तोंड उघडलं आणि घास आत गेला. चावता चावता सांगायचं राहूनच गेलं. दुसरा घास तिनं आपणहून मागितला.

जेवण झाल्यावर ती तिथंच, देवींपुढं, म्हातारीच्या मांडीशी आडवी झाली. उष्टी भांडी अंगणात पडली होती, कुंकवाची पावलं पुसट झाली होती, मांजर कुठंतरी ताटली चाटत होतं. तिला सगळं ऐकू येत होतं आणि उठावंसं वाटत नव्हतं. खालून बघताना चढलेल्या लुगड्याची धाकटी आत्ताच शेतातून आल्यासारखी दिसत होती. पोटातला गोळा कधी विरला ते तिला कळलं नाही. ती दिवे लागेपर्यंत झोपली.

तिसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी तिनं सत्यभामेला जवळ बोलावलं, मुखवटा तिच्या हातात दिला आणि पोच्यावरून तिचं बोट फिरवलं. ही थोरली, म्हणाली; ध्यानात राहिलं तर बरं, न्हाई राहिलं तर त्या दोघी बघून घेतील. सत्यभामा पहिल्यांदाच सासूपुढं मोकळेपणानं हसली.

पौष सरता सरता सत्यभामेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. चंद्रभागाबाई आता नातीला मांडीवर घेऊन बसायची आणि महालक्ष्म्यांच्या वेळी जावांना हाका मारून कामाला लावायची. भाज्या कधी बारा व्हायच्या, कधी तेरा. निऱ्या बघायला बाया येईनाशा झाल्या, जेवायला मात्र जास्त येऊ लागल्या.

पुढं एका वर्षी कुणी ठरवलं नसताना भाज्या सोळाच्या सोळा जमल्या, आणि थोरलीही उजवीकडंच बसली होती. त्यानंतर चार महिन्यांनी, फसली तेराशे पस्तीस सालच्या पौषात, भिवराबाई पहाटे झोपेतच वारली. चंद्रभागाबाई पोटभर रडली, पण भाज्यांचा हिशेब काही तिनं काढला नाही.