आज हात लावायचा नाय

भागूबाईला लेकीच्या गालावरून हात फिरवायचा होता, बाकी काही नाही. मुरुमांनी गालांवर खड्डे पाडले तेव्हापासून आईचा हात जवळ आला की प्रेरणा मान फिरवायची, नाहीतर ओढणी नाकापर्यंत ओढून घ्यायची. पोटच्या पोरीची अलाबला घ्यायलाही आईनं परवानगी मागायची, हा कुठला न्याय? पण बोलणार कुणाला!

त्या उन्हाळ्यात फुलंब्रीची विहीर आटली आणि भागूबाई दोन दिवस शहरात, उस्मानपुऱ्यात लेकीच्या खोलीवर आली. येताना बसमधून पाहिलं, तर शहर इमारतींवर इमारती चढवत गावाच्याच दिशेनं सरकत होतं. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, हे दोघींच्याही अंगात मुरलेलं.

म्हणून रविवारी संध्याकाळी प्रेरणानं उकळून गार केलेल्या पाण्याचा अख्खा तांब्या निव्वळ तोंड धुवायला उचलला, तेव्हा भागूबाईला ते बघवेना. आरशापुढं एका ताटलीजवळ वाटीत एक चिमुकला रोलर बुडवलेला होता, सगळीकडून बारीक सुया असलेला. प्रेरणा मोरीत गेल्यावर भागूबाईनं वाटी हुंगली. दारू! पोरीच्या तोंडाला दारू? तिनं रोलर भांड्यांच्या बादलीत छान खळबळला, पदरानं मायेनं पुसला आणि ताटलीत ठेवला.

प्रेरणा आली, आरशासमोर बसली, रोलर गालापाशी नेला.

"वास गेला बघ दारूचा," भागूबाई कौतुकानं म्हणाली. "बादलीत धुतला म्या."

प्रेरणाचा हात जागीच थांबला. "आई, ते स्पिरिट होतं. जंतू मारायला. या सुया कातडीत शिरतात. खरकट्या पाण्यासकट शिरल्या असत्या तर सगळं तोंड पिकलं असतं!"

भागूबाईनं कपाळावर हात मारला. मायेनंच घात केला असता की! प्रेरणा चिडली, चांगलीच चिडली. रोलर तिनं सरळ कचऱ्यात टाकला. मग कपाटातून नवा, सीलबंद काढला, स्पिरिटमध्ये भिजत ठेवला, आणि तो भिजेपर्यंत तिचा रागही निवला.

"बस इथं. बघ, गालांच्या खड्ड्यांसाठी हाय हे," ती म्हणाली.

तिनं हात साबणानं धुतले आणि रोलर गालावरून अलगद फिरवला, आधी उभा, मग आडवा. "घरी करायचं तर आखूड सुयाच, डॉक्टरनं सांगितलंय. मुरूम आलेला असला की करायचं नाय. जोर द्यायचा नाय. दुसऱ्याचा वापरायचा नाय. अन् उद्या उन्हात फिरायचं नाय."

गाल गुलाबी झाले.

"अन् खड्डे कोण भरतं? सुई?"

"नाय. सुई नुसती जागं करते. भरते ती कातडीच, आतून, लई हळू. म्हणून तर महिनाभर परत फिरवायचा नाय."

भागूबाईनं तोंडात बोट घातलं. बाहेरून काही न घालता? गावात बोअर घेऊन घेऊन माणसं थकली, पाणी लागेना. आणि इथं पोरीच्या गालाला एवढंसं टोचलं की आतून भरून यायला लागतं! हे अंग आपण नऊ महिने पोटात वाढवलं आणि ते काय काय करू शकतं याचा पत्ताच नव्हता. तिला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. हात आपोआप जोडले गेले आणि तसेच लेकीच्या गालाकडे निघाले.

प्रेरणानं तिचं मनगट धरलं. "आज हात लावायचा नाय, आई. परवा लाव."

मान फिरवली नव्हती. ओढणीही जागच्या जागी होती. दुसऱ्या दिवशीची बस भागूबाईनं खुशाल सोडून दिली.

मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी प्रेरणा आपणहून समोर येऊन बसली. भागूबाईनं दोन्ही हात गालांवरून फिरवले, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. खड्डे होते तिथंच होते, एकेक बोटाला लागला. पोरगी हलली नाही.