आगबोटीची शेवटची फेरी

करावे गावच्या तळ्यातला गाळ काढायला पोकलेन लावला आणि त्याच्या दातांना लोखंड लागलं. चिखल उपसता उपसता आधी धुराडं वर आलं, मग अख्खी आगबोट. सोसायट्यांमधली माणसं मोबाइल काढून काठावर जमली. ठेकेदाराला ती भंगारात काढायची होती. पण येसूबाईने मासळीची पाटी खाली ठेवली आणि त्याला बजावलं की हिला हात लावायचा नाही. सगळा गाव तिच्या पाठीशी उभा राहिला, तेव्हा बोट ओढून काठावर ठेवली गेली.

साठी उलटलेली येसूबाई जन्माला आली ती या बोटीमुळे. आईने ती हकिकत इतक्यांदा सांगितली होती की येसूबाईला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटे. तेव्हा इथे शहर नव्हतं, खाडीवर पूल नव्हता. तळं उघाडीने, म्हणजे बांधातल्या दाराने, खाडीला जोडलेलं होतं. मिठाचे पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, ओढून थकलेली ही बोट मिठागराच्या मालकाने तळ्यात आणून बांधली होती. राखणीला होता तिचाच जुना इंजिनवाला, रत्नागिरीकडचा देवजी.

एका पावसाळ्यात येसूबाईची आई अडली. सुईणीने हात टेकले. वारा उलटा, शिडाची होडी खाडी ओलांडेना. बाप धावत बोटीवर गेला, तेव्हा देवजीने एवढंच विचारलं की भरती कधी लागते. कोळसा तर शिल्लक नव्हता. त्याने बोटीवरची बाकं फोडली, फळ्या उचकटल्या, भट्टीत घातल्या. गावाने उघाडी उघडली. धूर ओकत बोट निघाली आणि मुंबईत भाऊच्या धक्क्याला लागली. तिथून आईला इस्पितळात नेलं. येसू सुखरूप जन्मली.

पण परतून तळ्यात शिरता शिरता बॉयलर कामातून गेला आणि मालकाने देवजीला काढून टाकलं. आई लेकीला घेऊन घरी आली, तोवर तो गाव सोडून गेला होता. त्याचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. बोट पुन्हा चालली नाही; गंजत गंजत तळाशी गेली. त्या माणसाचे पाय धरायचे राहिले, हे आईच्या मनात शेवटपर्यंत होतं.

येसूबाईची नात भाविका हिने बोटीचा फोटो आणि ही सगळी गोष्ट ग्रुपवर टाकली. फिरत फिरत ती महापेला नोकरी करणाऱ्या राजश्रीपर्यंत पोचली. रविवारी राजश्री तळ्यावर आली आणि येसूबाईला शोधून म्हणाली, "मी देवजींची नात."

राजश्री पुढे म्हणाली, "आजोबा जाईपर्यंत विचारायचे, त्या बाईचं काय झालं असेल? मूल जगलं असेल का? त्यांना कधी कळलंच नाही."

"जगली गो बाय," येसूबाई म्हणाली. "मीच ती."

येसूबाईच तिच्या पाया पडायला वाकली. राजश्रीने गडबडून तिला मधेच धरलं. मग येसूबाईने तिला घरी नेलं, मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना हाका मारून समोर उभं केलं. "बग, ही सगली तुज्या आजामुलं हायती."

जेवायला बसण्याआधी राजश्रीने रत्नागिरीला वडिलांना फोन लावला आणि येसूबाईच्या हातात दिला. येसूबाईने आपण कोण ते त्यांना सांगितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, तुमचं नाव पुन्हा एकदा नीट सांगता का, बाबांच्या फोटोपुढे जाऊन सांगायचंय.

येसूबाईने सावकाश, स्पष्ट सांगितलं.