परीक्षानळीतली सवत

मत्सर करायला समोर माणूसच लागतो, हा गैरसमज आहे. इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणारा आमचा जयसिंगराव जंतूंवर जळत असे.

यशोधराशी त्याचं लग्न ठरलं होतं. ती मेडिकल कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. दुधात ब-दोन जीवनसत्त्व किती, हे ती मोजत होती, आणि मोजायला तराजू नव्हता, जंतू होते. त्यांना ब-दोन स्वतः बनवता येत नाही. मिळालं तर ते वाढतात आणि नळीतलं पाणी गढूळ होतं; नाही मिळालं तर उपाशी, पाणी स्वच्छ. "हे एवढं संपलं की मुहूर्त काढू," असं ती म्हणाली होती. ते एवढं दिवाळी आली तरी चालूच होतं.

संध्याकाळी दोघं नदीकाठी, कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाधीच्या छत्र्यांपाशी फिरायला जात.

"आज बिचारे भुकेले होते हो," ती म्हणे.

"मीपण आहे."

"तुम्हाला सांगता तरी येतं."

मग ती समजावून सांगे. पेशी जीवनसत्त्व तसंच वापरत नाही. आधी त्याला फॉस्फेट चिकटवते, मगच ते कामाला लागतं. इथला हायड्रोजन उचलायचा, तिथे द्यायचा, पुन्हा रिकाम्या हातानं हजर. त्यातून पेशीला ताकद.

"म्हणजे पगडीशिवाय दरबारात एन्ट्री नाही," जयसिंगराव म्हणाला. त्याचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते.

"अगदी बरोबर!" ती खूश झाली. तिनं त्याचं केलेलं हे पहिलं कौतुक. तेही जंतूंच्या कृपेनं, म्हणून त्याला जेवण गेलं नाही.

"भिया, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद ते," त्याचा दोस्त दिवाकर म्हणाला. "रोज जेवताना लाखो खातोस, और जलन कशाची?"

"मी खातो ते साधे. हे तिनं पाळलेले. त्यांना सदतीस डिग्रीच्या गरम कपाटात ठेवते, आणि मला नदीकाठी थंडीत बसवते."

शेवटी एका दुपारी, यशोधरा जेवायला गेली असताना, तो प्रयोगशाळेत शिरला. खिडकीला काळा पडदा. टेबलावर नळ्या रांगेत उभ्या, गरम कपाटात जायच्या वाटेवर. प्रतिस्पर्ध्याचं तोंड एकदा नीट उजेडात बघावं म्हणून त्यानं पडदा सारला आणि समोर स्टूल घेऊन बसला. बराच वेळ रोखून बघितलं. त्यांनी नजर खाली घातली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग पडदा ओढून, जिंकल्यासारखा तो निघून आला.

दोन दिवसांनी यशोधरानं त्याला बोलावलं. नळ्यांतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तिचे डोळे मात्र भरलेले.

"एकही वाढला नाही. सगळं पुन्हा करायचं. मार्गशीर्षातले मुहूर्त गेले."

ती त्यांच्यासाठी रडते आहे हे बघून तो आधी जळला. मार्गशीर्ष नंतर ऐकू आला.

"पडदा मी उघडला होता," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही कुणापायी थांबलात, ते बघायचं होतं."

तिनं एक नळी उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "उजेडात ब-दोन मोडतं. म्हणून तर पडदा." आणि वही पुढे ओढत, "किती वेळ उघडा होता?"

"अर्धा तास असेल."

"ऊन थेट की तिरपं?"

"तिरपं. यशोधराजी, मी माफी मागतोय."

"मागा, मागा. नळ्या खिडकीपासून किती हातांवर होत्या?" तिचे डोळे कोरडे झाले होते, चमकत होते. "जुन्या इंदुरातले हलवाई दुधाची कढई उन्हातच ठेवतात ना? त्यात ब-दोन किती उरतं, कुणी मोजलंय? थेट उन्हात, तिरप्या उन्हात, ढगाळ दिवशी... वैशाखापर्यंत होईल सगळं. जयसिंगराव, तुम्ही मला केवढा विषय दिलात!"

तिनं पहिल्यांदाच त्याचा हात धरला. नजर नळ्यांवर होती.

घरी वडील, नानासाहेब, वाटच बघत बसले होते. "काय मग? आपली पंगत कधी?"

"आधी तिकडची मंडळी जेवतील," जयसिंगराव म्हणाला. "वैशाखापर्यंत."

"एवढी? पानं तरी किती?"

"एका नळीत काही कोटी."

नानासाहेबांनी जरा विचार केला. "मग इथला आचारी पुरणार नाही, गौतमपुऱ्याहून आणावा लागेल," ते म्हणाले.