पोटात काच असलेली होडी

मित्रांनो, माझ्या पोटात काच आहे. होडीच्या पोटाला लाकूड असावे, फार तर डांबर असावे. पण बेटावरच्या सुतार मामांनी मला घडवतानाच माझा तळ चौकोनी कापला आणि तिथे जाड काच बसवली. का, तर बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना पाय न भिजवता समुद्राचा तळ दिसावा. "होडीला भोक पाडून मागणारी माणसं पहिल्यांदाच बघतोय," असे मामा पुटपुटले होते. बेटावरच्या बहुतेक होड्या त्यांच्याच हातच्या. तरी काचेच्या कडेने डांबर भरताना त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरत राहिला. मी भीती बरोबर घेऊनच जन्मले आहे, हे मला तेव्हाच कळले.

मामांनी मला त्यांच्या भाच्यासाठी बनवले. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण लहानपणी तो रिकाम्या टपात बसूनही हुकूम सोडायचा. सुकाणू त्याच्या हाती असे. त्याची धाकटी बहीण काचेपाशी बसून पाहुण्यांना माहिती सांगे. पाहुणे तिला ताई म्हणत. दोघांची आई धक्क्यावरच्या खोपट्यात बसून तिकिटे फाडी.

ताई बोलू लागली की पाहुणे ऊन विसरत. "ती तोफ बघा. प्रवाळानं तिला पार झाकून टाकलंय. फार पूर्वी एक जहाज इथं फुटलं, आणि वाचलेल्यांनी टेकडीवरचा तो दगडी बुरूज बांधला." मग माझ्याखालून कासव जाई आणि सगळे एकदम वाकत. मी एका बाजूला कलत असे. कप्तान ओरडे, "अहो, कासव पळून जात नाही, तुम्ही मात्र पाण्यात जाल." वर गळ्याखाली लाल फुगा असलेले पक्षी घिरट्या घालत. पिवळे मासे काचेला तोंड लावत. लोक माझे कौतुक करत, फोटो काढत. मला मात्र प्रत्येक खडक काचेच्या किती जवळून गेला तेवढेच दिसे.

शेवटी ताई एक गोष्ट सांगे. तिला ती आईने सांगितली होती, आईला तिच्या आईने. एकदा समुद्र किनारा सोडून निघून गेला होता. तळ उघडा पडला, माणसे मासे वेचायला खाली उतरली आणि समुद्र परत आला. जे टेकडीवर होते आणि जे खोल पाण्यात होते, तेवढेच उरले. पाहुणे मान डोलवत आणि धक्क्यावर गार सरबत मिळेल का ते विचारत.

त्या सकाळी माझ्यात एक म्हातारी पाहुणी, तिचा मुलगा, सून आणि एक जाडजूड व्यापारी होते. जमीन हलल्याचे आम्हाला पाण्यावर कळले नाही. मला आधी कळले ते माशांवरून. पिवळे मासे एकाच दिशेला, खोल पाण्याकडे, वाहत निघाले होते. ते पोहत नव्हते. पाणीच त्यांना ओढून नेत होते. कासवाने पाय मारले, मारले आणि तेही मागे मागे गेले. मग प्रवाळाची टोके काचेकडे वर येऊ लागली. खरे तर मीच खाली चालले होते.

कर्र असा आवाज झाला. काचेच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ उमटली.

"दादा," ताई हळू आवाजात म्हणाली, "पाणी जातंय."

कप्तानाने किनाऱ्याकडे पाहिले. धक्क्याचे खांब मुळापर्यंत उघडे पडले होते. ओल्या वाळूवर माणसे उतरत होती. काही जण वाकून काहीतरी वेचत होते. दुरून ते अगदी आनंदात दिसत होते, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"किनाऱ्याला घ्या," व्यापारी म्हणाला. "समोर तर दिसतोय. काच फुटली तर काय?"

कप्तानाचा हात सुकाणूवर होता, पण हलत नव्हता. "आई तिकडे आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "गोष्ट आईचीच आहे, दादा. तिला काय करायचं ते कळतं. तू खोल पाण्यात चल."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग इंजिनाचा सगळा जोर लावून माझे तोंड उघड्या समुद्राकडे वळवले. व्यापारी त्याच्या अंगावर धावून गेला, पण म्हातारीने त्याचा सदरा धरला. "बसा खाली," ती म्हणाली. "ज्याची आई किनाऱ्यावर आहे तो किनाऱ्याकडे पाठ करतोय. उगाच करत नसेल."

प्रवाळ माझ्या तळाला ओरबाडत होते. रेघ वाढली आणि पाणी आत झिरपू लागले. म्हातारीने आपला टॉवेल घडी करून काचेवर दाबला आणि त्यावर बसली. सून डब्याने पाणी उपसू लागली. थोड्या वेळाने व्यापारीही टोपीने पाणी काढू लागला. खालचा तळ निळा झाला, मग काळा. काचेतून काहीच दिसेना.

मग समुद्राने मला उचलले. ना फेस होता, ना गर्जना. एखादे झोपलेले जनावर पाठ वर करते तसे सगळे पाणी वर आले, आम्हाला वर घेऊन गेले आणि पुन्हा खाली ठेवले. सुनेला वाटले, संपले. पण कप्तान वळून बेटाकडे बघत होता. पाण्याची ती पाठ आता आमच्यापासून दूर, किनाऱ्याकडे चालली होती आणि उंच होत होती. तिच्यामागे आधी वाळू दिसेनाशी झाली, मग छपरे, मग झाडे. आवाज नंतर आला. ताईने दोन्ही हातांनी माझी कड इतकी घट्ट धरली की तिची नखे लाकडात रुतली.

तशा पाठी आणखी आल्या. उन्हे कलेपर्यंत आम्ही तिथेच हेलकावत राहिलो. पाणी उपसण्याचा आवाज तेवढा येत होता.

परतताना काचेखालून खिडकीची चौकट गेली. मग एक बाक, एक पातेले, एका पायाचा बूट. म्हातारी देवाचे नाव पुटपुटू लागली, तेव्हा ताईने काचेवर ताडपत्री अंथरली. माणसांना डोळे मिटता आले. मला मिटता येत नाहीत.

धक्का उरला नव्हता. बुरुजाच्या पायऱ्यांवर माणसे दाटीवाटीने उभी होती. त्यांच्यातून आई खाली आली, चिखलाने माखलेली, पायांत काही नाही. पाणी सरताना दिसताच तिने खोपटे सोडले होते. हाताला लागेल त्याला ढकलत, शिव्या देत तिने माणसे टेकडीवर चढवली होती. तिने कप्तानाच्या तोंडावरून हात फिरवला, मग ताईच्या.

"मामा?" ताईने विचारले.

आई पायरीवर बसली. "मुलं शिंपले वेचायला गेली होती," ती म्हणाली. "मी इकडे वर माणसं चढवत होते. तो मुलांना आणायला गेला. सगळ्यांना पुढे घातलं त्यानं. मी वरून बघत होते. गुडघा दुखत होता ना त्याचा."

कप्तान माझ्यापाशी आला आणि तडकलेल्या काचेच्या कडेला, डांबरावर, तळहात ठेवून खूप वेळ बसून राहिला.

मित्रांनो, आता मी समुद्रात जात नाही. माझी काच बदलली तर चालेल, असे लोक म्हणतात, पण कप्तानाला दुसऱ्या सुताराचा हात मला लावू द्यायचा नाही. मी टेकडीच्या वाटेवर पालथी पडले आहे. माझा रंग उडाला आहे, फळ्या उकलल्या आहेत. खाली नवा धक्का आहे, नवी होडी आहे. मोडलेल्या प्रवाळाला नवे कोंब फुटले आहेत आणि कासवे आली आहेत, असे ताई सांगते. ओहोटीला पाणी मागे सरते तेव्हा मी अजून घाबरते. ते परत येईल आणि थांबेल, याची खात्री होईपर्यंत माझ्या फळ्या सैल होत नाहीत.

होडीत बसवण्याआधी ताई प्रत्येक पाहुण्याला ही चढण चढायला लावते. लोक कुरकुरतात. ऊन आहे म्हणतात, आम्ही मासे बघायला आलो आहोत म्हणतात. तुम्ही कुरकुरू नका. कोणत्याही किनाऱ्यावर गेलात तर आधी उंच जागेची वाट पायांना दाखवून ठेवा. प्रवाळावर पाय देऊ नका, कासवांच्या मागे लागू नका. आणि कधी समुद्र भलताच मागे गेलेला दिसला, तर बघत उभे राहू नका. शेजारी ज्याचा गुडघा दुखत असेल त्याचा हात आधी धरा, आणि मग पळा.